ताकदीचं इंजेक्शन, आणि आठव्या दिवशी पुन्हा आडवं पडणारं कुत्रं

दीड-दोन वर्षांचं कुत्रं. सकाळी घरातली सगळी माणसं वावरात जातात, ते गोठ्याजवळ नाहीतर पडवीत एकटं राहतं. संध्याकाळी येऊन पाहावं तर भाकर तशीच पडलेली, कुत्रं कोपऱ्यात, हाक मारली तरी शेपूट हलत नाही. मग गावोगाव फिरणाऱ्या 'डॉक्टर'ला फोन जातो. तो मोटरसायकलवर येतो, कुत्र्याचं तोंडसुद्धा उघडून बघत नाही. "भाऊ, कमजोरी हाये. ताकदीचं इंजेक्शन मारून देतो, रातच्याला भाकर खाईन." आणि रात्री ते खरंच खातं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच दुखणं, पुन्हा तोच माणूस, पुन्हा तेच इंजेक्शन.

या फसवणुकीत गुण खोटा नसतो, म्हणून ती ओळखू येत नाही. त्या सिरिंजमध्ये बहुतेक वेळा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असतं. सोबत बी-कॉम्प्लेक्स, कधी मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक, कधी अँटिबायोटिकचा एखादाच डोस. डेक्सामेथासोन पाण्यासारखं पारदर्शक; इंजेक्शनला जो लाल रंग दिसतो तो बी-12 चा, आणि पाहणाऱ्याला 'ताकद' दिसते ती त्या रंगातच. स्टिरॉइडनं काही तासांत ताप उतरतो, सूज आणि दुखणं दबतं, भूक खवळते. दीड-दोन दिवस कुत्रं टुणटुणीत. आजाराचं कारण मात्र जागच्या जागी असतं, उलट अंगातली प्रतिकारशक्ती दबल्यामुळे त्याला रान मोकळं मिळतं.

स्टिरॉइड दिलं गेलं की नाही याचा अंदाज घरीच येतो. इंजेक्शननंतर कुत्रं एकाएकी खूप पाणी प्यायला लागतं, रात्रीतून चारदा लघवीला उठतं, थंडीतही धापा टाकतं. कधीच घरात न मुतणारं कुत्रं त्या रात्री पडवीत मुतलं, तर 'ताकद' कुठली होती ते समजून घ्यावं. स्टिरॉइड आणि मेलोक्सिकॅम एकाच दिवशी दिलं असेल तर जठराला जखमा होऊ शकतात आणि शी डांबरासारखी काळी येते. त्यावर तोच माणूस 'उष्णता झाली' म्हणून आणखी एक सुई लावतो.

हिशेब साधा आहे. समजा एका फेरीचे 400 रुपये आणि महिन्यात तीन फेऱ्या. चार महिन्यांत 4,800 रुपये गेले आणि रक्ताची तपासणी एकदाही नाही. त्या माणसाला कुत्रं मरायला नको असतं, बरं व्हायलाही नको असतं.

मग असं वरचेवर दुखणं असतं तरी कशाचं? विदर्भातल्या खेड्यात पहिला संशय गोचिडतापावर घ्यायचा. कुत्र्याची तपकिरी गोचीड गुरांच्या गोचिडीपेक्षा वेगळी. ती रक्त पिऊन अंगावरून खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे, पोत्यांच्या थप्पीखाली अंडी घालते. एकेक मादी हजारांनी घालते. दिवसभर एकाच कोपऱ्यात बांधलेलं कुत्रं म्हणजे तिच्यासाठी वाढलेलं ताट. तिच्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन रोग येतात. एर्लिकियात ताप, सुस्ती, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, घसरतात. निरोगी कुत्र्याच्या साधारण 2 ते 5 लाख असतात, या आजारात त्या लाखाच्या खाली सहज जातात. बबेसियात तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. दोन्ही आजार काही दिवस दबून पुन्हा डोकं वर काढतात, त्यामुळे 'इंजेक्शननं बरं झालं होतं' हा समज पक्का होतो.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन लागतं: वजनाच्या दर किलोला दिवसाला 10 मिलिग्रॅम, म्हणजे 15 किलोच्या कुत्र्याला 150, आणि तेही 28 दिवस. फिरता डॉक्टर तीन गोळ्या देतो. तीन गोळ्यांनी ताप उतरतो, जंतू राहतात. बबेसियाला या गोळ्या पुरत नाहीत. त्याची औषधं वेगळी, त्यातही बबेसियाच्या जातीप्रमाणे फरक, आणि त्यातलं गुरांच्या लालमुतासाठी वापरलं जाणारं इंजेक्शन कुत्र्यात अंदाजानं किंवा लागोपाठ दिलं तर मेंदूवर जातं. वजन न करता जो सुई भरतो त्याला अंगणातूनच परत पाठवावं.

'गोचीड मारायचं इंजेक्शन' म्हणून गुरांचं आयव्हरमेक्टिन देतात, त्यातही हीच गोम. गुरांच्या एक टक्का औषधात एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम असतात आणि 50 किलो वजनाला एक मिलिलिटर हे प्रमाण असतं. त्या हिशेबानं 10 किलोच्या कुत्र्याला 0.2 मिलिलिटर होतं. डोळ्यांनी अंदाज करणारा सहज एक मिलिलिटर टोचतो, म्हणजे पाचपट. कुत्रं झोकांड्या खातं, बुबुळं मोठी होतात, काही वेळा तात्पुरतं आंधळं होतं. कोली किंवा तसल्या मेंढपाळ जातीचं रक्त असेल तर नेहमीचा डोसही जिवावर बेततो. भेगा चुन्यानं बुजवल्या नाहीत, जागेवर पुन्हा पुन्हा फवारणी केली नाही, तर अंगावरच्या गोचिडी मारून उपयोग शून्य.

दुसरं कारण ढेप, म्हणजे गुरांना घालतात ती सरकीची पेंड. हे शहरातल्या डॉक्टरला कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही आणि फिरत्या डॉक्टरला कधीच सुचत नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. मोठ्या गुरांच्या पोटात तो बराचसा बांधला जातो, म्हणून गाय-म्हैस ढेप पचवते. कुत्र्याच्या पोटात ती सोय नाही. सकाळी टोपल्यात भिजवलेली सरकीची ढेप गाईच्या आधी कुत्रंच चाटतं, आणि घरी कोणी नसल्यानं ते कोणाला दिसत नाही. विष एका दिवसात चढत नाही, आठवडे-महिने साचतं. आधी भूक कमी, मग थकवा, चालताना दम, शेवटी हृदय कमजोर होऊन पोटात पाणी. अशा पोटाला 'जंत झाले' म्हणून औषध पाजणारे कमी नाहीत. गॉसिपॉलवर उतारा नाही; ढेप तोडणं हाच उपाय, आणि हृदयाचं नुकसान झालं असेल तर तोही उशिराचा. एक साधी परीक्षा आहे: ढेप झाकणाच्या डब्यात ठेवा आणि गाय खाते तेवढा वेळ कुत्रं दुसरीकडे बांधा, मग दुखणं थांबतं का ते पाहा. एरंडीची ढेप खत म्हणून आणली असेल तर ती कुलपातच हवी. तिच्यातलं रायसिन साचत बसत नाही. रक्ताच्या उलट्या-हगवण लागून कुत्रं थोड्या दिवसांत जातं.

उंदराच्या औषधाचं प्रकरण असंच फसवं. ब्रोमाडिओलोनचे रंगीत ठोकळे खाल्ल्यावर तीन-पाच दिवस काहीच होत नाही. मग हिरड्यांतून रक्त, सांध्यात सूज, श्वास जड. यावर व्हिटॅमिन के-1 लागतं, तेही साधारण चार आठवडे, कारण हे विष शरीरात फार दिवस टिकतं. तीन दिवस दिलं की रक्त थांबतं, बंद केलं की आठवड्याभरात पुन्हा सुरू. के-3 नावाचं स्वस्त औषध इथे कामाचं नाही. कीटकनाशकाची गोष्ट वेगळी. फोरेट, म्हणजे लोकांच्या तोंडचं थिमेट, देशात 2020 च्या अखेरपासून बंद आहे, तरी जुनी अर्धी पोती गोठ्याच्या माळ्यावर सापडतात. तोंडातून लाळ, बुबुळं टाचणीएवढी, अंग थरथरणं, पातळ शी हे एकदम आलं तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. तिथे ॲट्रोपिन हा उतारा लागतो, ताकद नाही.

लस न झालेल्या कुत्र्यात डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराचा तापही दोन लाटांत येतो: एकदा येऊन उतरतो, काही दिवसांनी परत येतो, मग डोळ्या-नाकातून चिकट स्राव आणि शेवटी झटके. स्टिरॉइड दिल्यावर तो जास्त भडकतो. 'लस झाली' म्हणणाऱ्याकडे कार्ड मागा. कार्डावर बाटलीवरून काढलेलं स्टिकर हवं, बॅच नंबर आणि मुदतीसह. लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्येच टिकते. ती चंद्रपूरच्या मे महिन्यात शर्टाच्या खिशातून निघाली असेल, तर स्टिकर खरं असूनही लस मेलेली असते.

एक आजार मात्र असा, की त्यात फसवणाऱ्याचं औषध अर्धं बरोबर ठरतं. एडिसन. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी पुरेसं स्टिरॉइड बनवत नाहीत, आणि कुत्रं ताण आला की कोसळतं: घरात लग्न, दिवसभर एकटं राहणं, प्रवास. सलाइन आणि स्टिरॉइड दिलं की उठतं. तरुण कुत्र्यांत, विशेषतः माद्यांत, हा दिसतो. सोडियम आणि पोटॅशियमची तपासणी तालुक्याच्या बहुतेक पॅथॉलॉजीत होते. सोडियमला पोटॅशियमनं भागून 27 पेक्षा कमी आलं तर संशय घ्यावा. खात्री पुढच्या तपासणीनं होते.

म्हणून पहिलं इंजेक्शन घेण्याआधी रक्त. जांभळ्या झाकणाच्या नळीत एक-दोन मिलिलिटर, बर्फाच्या डब्यात, पण रक्ताचा बर्फ होऊ न देता, शक्यतो त्याच दिवशी. बबेसियासाठी कानाच्या कडेच्या ताज्या थेंबाची काच (स्लाइड) वेगळी घ्यायला सांगा. एर्लिकिया काचेवर क्वचितच दिसतो, त्याला किट किंवा जंतूचा अंश शोधणारी पीसीआर तपासणी लागते. त्यामुळे 'स्लाइड निगेटिव्ह, म्हणजे गोचिडताप नाही' हे कोणी म्हटलं तर मानू नये. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था इथे कुत्र्यांची तपासणी होते. जवळचा सरकारी दवाखाना आधी गाठावा, आणि गाडी नसेल तर 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या फोन क्रमांकावर विचारावं.

डॉक्टरकडे जाताना वही न्या. आजारी पडल्याची तारीख, त्या दिवशी कुत्रं कुठे बांधलं होतं, दोरी कुठवर पोचत होती, ढेप-खत-औषध कुठे होतं, किती तास एकटं होतं. गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर: 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक, 103 च्या वर ताप. झोपेत एका मिनिटाचे श्वास मोजा, 30 च्या वर सतत असतील तर लिहा. हिरडी बोटानं दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. चार आजारपणांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की पुष्कळदा कारण तिथेच दिसतं: दरवेळी सोमवार, कारण रविवारी नवीन ढेप येते.

फिरत्या माणसाला तीन गोष्टी विचारा. नोंदणी क्रमांक, औषधाचं नाव लिहून, आणि रिकामी बाटली. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 नुसार उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचे. पशुधन पर्यवेक्षकासारख्यांना ठरलेल्या किरकोळ सेवा, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. बाटलीचं लेबल फाडणारा, सिरिंज घरूनच भरून आणणारा, 'शेजाऱ्यानं काहीतरी टाकलं असेल' म्हणून भांडण लावून देणारा, हे तिघं एकाच पोत्यातले. बाटलीचा फोटो, ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद आणि तारखांची वही एवढ्यावर तक्रार उभी राहते: पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात आणि नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड विकणाऱ्या दुकानाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे.

आणि आधीच पाच-सहा इंजेक्शनं होऊन गेली असतील, तर आज रागानं सगळं बंद करून मोकळं होऊ नका. वरचेवर बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यानं कुत्र्याच्या स्वतःच्या ग्रंथी झोपलेल्या असतात, आणि एकाएकी थांबवलं की ते एडिसनसारखंच कोसळू शकतं. खऱ्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा: किती सुया, शेवटची कधी. मग तो गरजेप्रमाणे प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या लावून डोस हळूहळू उतरवेल, आणि रक्ताचे आकडेही त्या सुया लक्षात घेऊन वाचेल.