समुपदेशनाचे प्रात्यक्षिक कुठे करावे: विभागाचे केंद्र, रुग्णालय, शाळा की संस्था?

समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकासाठी जागा निवडायची वेळ आली की विद्यार्थी हमखास दोन प्रश्न विचारतात: तिथे तास भरतात का, आणि प्रमाणपत्रावर नाव कोणाचे येते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र विद्यार्थ्यांच्या कामाचे पर्यवेक्षण करताना मला वारंवार जाणवले आहे की, प्रात्यक्षिक सत्कारणी लागले की नाही हे एका तिसऱ्याच गोष्टीवर ठरते. आपण क्लायंटशी, म्हणजे समुपदेशनासाठी आलेल्या व्यक्तीशी, जे बोललो ते तिथे कोणी ऐकते का, की आपण नंतर येऊन सांगू तेवढ्यावरच सगळे चालते? पुढील तुलना मी मुख्यतः याच अंगाने केली आहे.

आधी तासांचा हिशोब पाहू. अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या केक्रेप या संस्थेच्या निकषांनुसार प्राथमिक प्रात्यक्षिक किमान १०० तासांचे असते आणि त्यांतले ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत घालवावे लागतात; त्यानंतरच्या इंटर्नशिपसाठी हेच आकडे ६०० आणि २४० असे आहेत. ब्रिटनमधील बीएसीपी या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांत पर्यवेक्षणाखाली क्लायंटसोबत किमान १०० तास काम करणे अपेक्षित असते. केक्रेपच्या दोन्ही टप्प्यांत थेट कामाचा वाटा पाचांत दोन एवढाच आहे, याकडे लक्ष द्यावे. उरलेला वेळ नोंदी, तयारी, बैठका आणि पर्यवेक्षण यांचा असतो. त्यामुळे 'आमच्याकडे भरपूर तास मिळतात' असे कोणी सांगितले, तर त्यांतले थेट तास किती, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावे.

अभ्यासक्रम चालवणाऱ्या विभागाच्या स्वतःच्या प्रशिक्षण केंद्राकडे विद्यार्थी बहुधा नाक मुरडतात. तिथे क्लायंट कमी येतात, आलेल्यांच्या तक्रारी बऱ्याचदा सौम्य असतात, आणि ठरलेल्या वेळी क्लायंट न आल्यामुळे रिकाम्या खोलीत बसून राहण्याचा प्रसंगही येतो. तरीही पहिल्या प्रात्यक्षिकासाठी माझी पसंती याच जागेला आहे, आणि त्याचे कारण एकच, ते म्हणजे ध्वनिमुद्रण. क्लायंटची लेखी संमती घेऊन सत्र मुद्रित करणे आणि नंतर पर्यवेक्षकासोबत बसून ते ऐकणे ही सोय इतरत्र क्वचितच मिळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात सत्रांचे ध्वनिमुद्रण सुरू केले आणि १९४२ मध्ये एका संपूर्ण केसचे शब्दशः संभाषण छापले, तेव्हापासून आपल्या क्षेत्रात शिकवण्याची पद्धतच बदलली.

याचे एक उदाहरण देते. एका विद्यार्थिनीने मला सांगितले होते की तिची क्लायंट 'फारशी बोलत नाही, प्रतिकार करते'. आम्ही दोघींनी मुद्रण लावले. क्लायंट म्हणते, "घरी गेल्यावर मग..." आणि थांबते. चार सेकंदही होत नाहीत, तोच विद्यार्थिनीचा आवाज येतो, "म्हणजे घरी गेल्यावर एकटं वाटतं का?" त्यावर क्लायंट म्हणते, "हं." पुन्हा शांतता, पुन्हा प्रश्न, पुन्हा 'हं'. हा प्रकार त्या सत्रात नऊ वेळा घडला होता. विद्यार्थिनी खोटे बोलत नव्हती. तिला शांतता सोसवत नव्हती, आणि ते तिच्या स्वतःच्या ध्यानात आलेले नव्हते. नुसत्या तोंडी वृत्तांतावर विसंबून राहिले असते, तर मीही तिला प्रतिकार कसा हाताळावा यावर तासभर ऐकवले असते.

या केंद्राची खरी उणीव वेगळीच आहे. तिथे बहुतेक वेळा पर्यवेक्षक आणि गुण देणारा परीक्षक एकच असतो, त्यामुळे विद्यार्थी चुका झाकतात. १९९६ मध्ये निकोलस लॅडनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षणातील जवळपास सर्वांनीच पर्यवेक्षकापासून काही ना काही लपवल्याचे मान्य केले होते. म्हणून गुणांकन दुसऱ्या कोणाकडे आहे का, याची चौकशी आधीच करावी.

रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जे पाहायला मिळते ते दुसरीकडे मिळत नाही. तीव्र नैराश्य, उन्माद, भ्रम-भास यांचे प्रत्यक्ष रूप एकदा पाहिले, की समुपदेशन कुठवर पुरते आणि मनोविकारतज्ज्ञाकडे केव्हा पाठवायचे, याची समज पक्की होते. परंतु तिथे विद्यार्थ्याची खुर्ची बहुधा ओपीडीच्या कोपऱ्यात असते, रुग्णासोबत नातेवाईक येतात आणि प्रश्न रुग्णाला विचारला तरी उत्तर तेच देतात. सुरुवातीचे बरेच आठवडे केस हिस्टरी लिहिण्यात जातात. केस हिस्टरी घेणे हे कौशल्यच आहे, पण ते समुपदेशन नव्हे, आणि अभ्यासक्रम चालवणारे काही विभाग हे तास थेट काम म्हणून धरत नाहीत. शिवाय तिथल्या पर्यवेक्षकाची नजर स्वाभाविकपणे निदानावर असते. तुमच्या कोणत्या वाक्यानंतर रुग्ण गप्प झाला, हे पाहायला त्याला सवड नसते.

शाळेत थेट तास सर्वांत लवकर भरतात. अडचण अशी की मूल स्वतःहून आलेले नसते, त्याला शिक्षकांनी पाठवलेले असते, आणि मधल्या सुट्टीत तेच शिक्षक सहज विचारतात, "मग, काय म्हणाला तो?" मूल, पालक आणि शाळा अशा तिघांशी गोपनीयतेच्या मर्यादा सांभाळणे नवख्या माणसाला जड जाते. त्यातच शाळेने नेमलेला पर्यवेक्षक अनेकदा प्रशासकीय असतो. तो हजेरी आणि वेळापत्रक पाहतो, मात्र सत्रातील कामाविषयी तो काही सांगू शकत नाही. अशा ठिकाणी जायचे असेल तर बाहेरचा अनुभवी समुपदेशक पर्यवेक्षक म्हणून लेखी ठरवून घ्यावा. केक्रेपच्या निकषांत दर आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा दोन विद्यार्थ्यांसोबतचे आणि दीड तास गटातील पर्यवेक्षण अपेक्षित आहे; मागणी करताना हे माप हाताशी असावे.

स्वयंसेवी संस्था आणि हेल्पलाइन यांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यात आपापसांतच जमीन-अस्मानाचे अंतर असते. आत्महत्येच्या जोखमीचा अंदाज घेणे हेल्पलाइनवर उत्तम शिकता येते आणि काही ठिकाणी ज्येष्ठ सहकारी शेजारी बसून संभाषण ऐकतात, ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र सहाव्या-सातव्या सत्रात नाते कसे बदलते, हे तिथे कळत नाही. मनुष्यबळाअभावी दुसऱ्याच दिवशी हिंसापीडित व्यक्तीसमोर एकट्याने बसवणारी संस्था असेल, तर ती कितीही नावाजलेली असो, तिला नकार द्यावा.

दोन टप्पे करता येत असतील तर पहिला विभागाच्या केंद्रात आणि दुसरा रुग्णालयात किंवा संस्थेत करावा, असे मी सुचवेन. मुलांसोबतच काम करायचे नक्की असलेल्यांनी दुसऱ्या टप्प्यासाठी शाळा निवडावी. एकच टप्पा असेल, तर मुद्रण किंवा प्रत्यक्ष निरीक्षण जिथे होते ती जागा घ्यावी, मग तिथे क्लायंट थोडे कमी मिळाले तरी चालेल. आणि होकार देण्यापूर्वी आणखी एक गोष्ट विचारून ठेवावी: प्रात्यक्षिक संपल्यावर तुमचे चालू क्लायंट कोणाकडे सोपवले जातात, आणि हा बदल त्यांना किती आठवडे आधी सांगितला जातो? याचे उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळली, तर तिथे याचा विचार आजवर कोणी केलेला नाही असे समजावे.