आधी कोणती रचना बसवावी: ‘सो व्हॉट’ की ‘जायंट स्टेप्स’?

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘सो व्हॉट’ आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘जायंट स्टेप्स’ या दोन्ही जॅझ रचना १९५९ सालीच ध्वनिमुद्रित झाल्या आणि दोन्हींत कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन आहे, तरीही आधी कोणती बसवावी या पेचात सापडलेल्या वादकाला त्या दोन टोकांच्या वाटतील.

लयीचा फरक तर उघडच आहे. पहिली मिनिटाला सुमारे १३६ ठोक्यांनी चालते, तर दुसरी त्याच्या दुपटीहून वेगाने धावते.

खरी मेख स्वरपट्टीत आहे. ‘सो व्हॉट’मध्ये हार्मोनियमवर पांढरी दोनपासून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की डोरियन, म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर मिळतात, सोळा मात्राखंडांनंतर (चार ठोक्यांचा एक खंड, म्हणजे ‘बार’) सगळे अर्ध्या स्वराने वर सरकते आणि आठ खंडांनी परत येते. याउलट ‘जायंट स्टेप्स’ बी, जी आणि ई फ्लॅट या तीन मेजर (म्हणजे बिलावल थाटाच्या) स्वरपट्ट्यांमध्ये सतत फिरते आणि बहुतेक स्वरसंघ (एकत्र वाजणारे स्वर, म्हणजे ‘कॉर्ड’) जेमतेम दोन ठोके टिकतात. मूळ ध्वनिमुद्रणात टॉमी फ्लॅनगनसारख्या कसलेल्या पियानोवादकाचेही एकलवादन अडखळलेले ऐकू येते.

भावाच्या दृष्टीने पहिली निवांत आहे. तिच्यात डबल बास (खर्जातले मोठे तंतुवाद्य) प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन स्वरसंघांत उत्तर देतात. दुसरी चमकदार असली तरी, माझ्या मते, दमछाक करणारी आहे.

सुरावट फुलवायला शिकणाऱ्याने ‘सो व्हॉट’ घ्यावी. स्वरसंघांची तयारी आधीच झालेल्याने ‘जायंट स्टेप्स’ घ्यावी, तीही सुरुवातीला निम्म्या लयीत.