पुरुषाच्या छातीतली गाठ: एफएनएसी की कोअर बायोप्सी?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात दाखवा की मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला), सोनोग्राफी-मॅमोग्राफीत गाठ संशयास्पद दिसली की प्रश्न येतो तो सुईचा.

एफएनएसी म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासणे. तिची सुई बारीक, २२ ते २५ गेजची (गेजचा आकडा मोठा, तितकी सुई बारीक). भूल बहुधा लागत नाही, खर्च कमी, रिपोर्टही लवकर. पण हाती येतात सुट्या पेशी. कर्करोग स्तनातल्या नळीतच आहे की बाहेर पसरलाय, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय गाठ कडक असली तर पेशी पुरेशा निघत नाहीत आणि रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ येतो. त्याचा अर्थ ‘कॅन्सर नाही’ असा लावून माणूस गोंदिया-गडचिरोलीला परततो, आणि सहा महिने वाया जातात.

कोअर बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडाच काढून तपासण्यात, १४ गेजची जाड सुई. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत चार-पाच तुकडे काढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा; त्या मनाने बंद करू नका. तुकडे लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात), सहा ते ७२ तास. बाटली लॅबला नातेवाईकच नेणार असेल तर आत सलाइन नाही ना, हे विचारून घ्या. सलाइनमध्ये ऊतक खराब होते, मग ईआर, पीआर (कर्करोगाच्या पेशींवर हार्मोनचे रिसेप्टर आहेत का) आणि हर-टू (त्याच नावाचे प्रथिन जास्त आहे का) या चाचण्यांचा भरवसा राहत नाही. पुरुषांतले सुमारे ९० टक्के स्तनकर्करोग ईआर पॉझिटिव्ह असतात. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी द्यायची की नाही, ते ईआर-पीआरवरच ठरते.

म्हणून संशय असेल तर थेट कोअर. काखेतल्या गाठीला मात्र एफएनएसी चालते.