वजनासाठी बँड, ॲप की काटा: पैसे कशावर घालावेत

वजन कमी करायचं ठरलं की आधी मनगटावर फिटनेस बँड येतो, मग मोबाइलमध्ये ॲप. स्वयंपाकघरातला काटा बहुतेक घरांत येतच नाही. आमच्या मते खरेदीची सुरुवात काट्यापासूनच व्हावी. ५ किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा आणि 'टेअर' बटण (ठेवलेल्या भांड्याचं वजन शून्य धरणारं) असलेला साधा काटा पुरतो.

आता ॲप. खाल्लेल्या कॅलरी नोंदवायच्या मायफिटनेसपाल या ॲपमधल्या बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या आहेत. त्यामुळे 'पोहे, १ प्लेट' शोधलं की वेगवेगळे आकडे समोर येतात आणि माणूस नकळत त्यातला सोयीचा उचलतो. बारकोड स्कॅन करण्याची सोय २०२२पासून पैसे भरणाऱ्यांसाठीच आहे. बंगळुरूच्या हेल्दीफायमी या ॲपमध्ये आपले पदार्थ भरपूर आहेत, मोजमापही वाटीत करता येतं. पण त्यांची वाटी आणि आपल्या घरची वाटी एकच असेल असं नाही.

म्हणून घरच्या जेवणासाठी तयार नोंदींवर विसंबू नका, मायफिटनेसपालमधली रेसिपीची सोय वापरा. रिकामी कढई तोलून आकडा लिहून ठेवा. समजा, बटाट्याची सुकी भाजी आहे: सोललेले बटाटे ५०० ग्रॅम, तेल ३ मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली. हे कच्चं सामान रेसिपीत भरा. भाजी झाली की कढईसकट तोला आणि कढईचं वजन वजा करा. ५२० ग्रॅम भरली तर 'सर्व्हिंग'च्या रकान्यात ५२० लिहा, म्हणजे एक सर्व्हिंग एक ग्रॅमची झाली. ताटात १२० ग्रॅम वाढून घेतली की १२० सर्व्हिंग नोंदवायच्या. या भाजीत बटाट्याच्या साधारण ३८५ कॅलरी असतात आणि तेलाच्या जवळपास ३६०. तेल लिहायचं राहिलं तर निम्मा हिशोबच बुडाला! फोडणीचं तेल अंदाजाने ओतायची सवय असेल तर बरणी आधी आणि नंतर तोला.

मनगटी बँड पावलांसाठी चांगला. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्टसर बांधा. सैल राहिला तर हिरव्या प्रकाशाने घेतलेले नाडीचे ठोके चुकतात. पावलं हाताच्या हालचालीवरून मोजली जातात, त्यामुळे बाबागाडी किंवा ट्रॉली ढकलताना काही पावलं गळतात.

'खर्च झालेल्या कॅलरी' हा मात्र बँडचा सर्वांत कच्चा आकडा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणं तपासली. सहांचे नाडीचे आकडे ५ टक्क्यांच्या आत चुकले. कॅलरींत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. बँड मायफिटनेसपालला जोडला की ॲप हाच आकडा दिवसाच्या मर्यादेत भर म्हणून घालतं. बँडने ४०० सांगितल्या आणि खर्च ३०० झाल्या, तर त्या भरवशावर खाल्लेल्या १०० कॅलरी जादाच्या. ॲपच्या सेटिंगमध्ये पावलांचा स्रोत 'पावलं मोजू नका' असा ठेवा आणि पावलं बँडच्याच ॲपमध्ये बघा. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०१६ च्या चाचणीत तर दोन वर्षांअखेर बँडवाल्या गटाचं वजन सरासरी ३.५ किलोने उतरलं, बँड नसलेल्यांचं ५.९ किलोने. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतंच.

अंगाचं वजन करणारा स्मार्ट काटा घेतलाच तर त्यातलं फक्त वजन वापरा. चरबीचा टक्का तो पायांतून सौम्य वीज सोडून, वय-उंचीच्या सूत्राने काढतो. अंगातलं पाणी बदललं की टक्काही बदलतो. काटा सतरंजीवर नको, फरशीवर ठेवा. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी उभं राहा. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल किंवा पाळी जवळ आली असेल, तर एका रात्रीत किलोभर वाढ दिसू शकते. ते पाणी असतं. म्हणून सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून बघा. अँड्रॉइडवर लिब्रा आणि आयफोनवर हॅपी स्केल हा कल आपोआप काढून देतात.

खाण्याच्या विकाराचा त्रास असलेल्यांनी कॅलरी मोजण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. पेसमेकर असेल तर वीज सोडणाऱ्या काट्यावर उभंच राहू नये. साधा वजनकाटा घ्यावा.