गच्चीवरचा बायोगॅस, आठ महिन्यांनंतर

गच्चीवर एक घनमीटरचा, तरंगत्या टाकीचा बायोगॅस बसवून आठ महिने झाले. गेल्या महिन्यात तो आंबला, म्हणून लिहायला बसले.

सुरुवातीला मी शेजारणींकडचाही ओला कचरा मागून आणायचे. पालकाची देठं, कलिंगडाच्या साली, बादल्याच्या बादल्या. गॅस साठला की टाकी वर उचलली जाते, पण ती काही वर येईना. एकदा शिळ्या पोळ्या भिजवून, कुस्करून घातल्या आणि दुसऱ्या सकाळी टाकी वीतभर वर! पालकात किलोमागे जेमतेम 250 किलोकॅलरी, बाकी पाणीच. पोळीत 3,000च्या आसपास. बिस्किटाच्या पुड्यावर छापतात तीच कॅलरी शेगडीत जळते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच तत्त्वावर, शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणारं संयंत्र केलं. 2006 मध्ये त्याला ॲश्डेन हा ब्रिटनमधला हरित ऊर्जेचा पुरस्कारही मिळाला. मला ते पोळीने पटवलं.

मग हाव सुटली. गौरी जेवल्या त्या दिवशी उरलेला सगळा भात एकदम ओतला. तिसऱ्या दिवशी शेगडी पेटेना, गच्चीभर आंबट वास. पिठाचं आम्ल झटकन होतं, त्याचा मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करणारे जिवाणू सावकाश चालतात, म्हणून आम्ल साठत जातं. विक्रेत्याला फोन केला की “उद्या माणूस पाठवतो”. असे नऊ दिवस गेले. शेवटी गवळ्याकडून दोन बादल्या शेण आणून कालवलं आणि खरकटं पूर्ण बंद ठेवलं. बाराव्या दिवशी निळी ज्योत दिसली. आता रोज अर्धा किलोच पोळी-भात, तोही काट्यावर मोजून.

पण माझा खरा राग आहे नळीवर. गॅस दमट असतो, रात्री गारठला की नळी जिथे लोंबते तिथे पाणी साचतं आणि सकाळी चहा ठेवला की ज्योत भकभक करून विझते. पाच महिने मी रोज गच्चीवर जाऊन नळी उचलून झटकली! सगळ्यात खालच्या जागी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि पाणी सोडायला छोटा कॉक हवा होता, बस. प्लंबरने 200 रुपयांत बसवला. एवढे पैसे घेऊन विक्रेत्याने हे का करू नये?

करवंट्या यात कुजत नाहीत, त्या बंबात. वाळलेली करवंटी किलोला 4,500 किलोकॅलरीच्या वर उष्णता देते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर जवळजवळ सिलिंडरच्या गॅसइतकी, पण धूर विषारी, म्हणून बंबात कधीच घालत नाही.

40 दिवसांचा सिलिंडर आता 60 दिवस जातो. घेणार असाल तर आधी नळीचा उतार आणि कॉक दाखवायला लावा, मग पैसे द्या.