येरवडा कारागृहाच्या दुकानातली चप्पल: एक वर्ष वापरल्यावर

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर मी पुण्याच्या येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रातून कैद्यांनी बनवलेल्या तीन वस्तू घेतल्या: चामड्याची चप्पल, कमरेचा पट्टा आणि एक सतरंजी. नवी चप्पल पहिले पंधरा दिवस कुणालाही आवडते, त्यामुळे तेव्हा लिहिलं नाही. आता तिने एक उन्हाळा काढला, पुण्याचा एक पावसाळा काढला. घर ते बसस्टॉप, बसस्टॉप ते ऑफिस, संध्याकाळी भाजी घेऊन परत, अशी रोजची तीन-चार किलोमीटर चाल तिच्यावर झाली. आता तिच्याबद्दल खात्रीने सांगता येईल.

चपलेबद्दल कोण बोलतंय तेही सांगते. मी कोल्हापूरच्या सुभाषनगरातली. आजोबा चप्पल शिवायचे, अप्पांनीही उभं आयुष्य तेच केलं. आमच्या सोप्यात भिंतीला कातडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी आणि चपलेचे फरमे टांगलेले असायचे, कोपऱ्यात बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याच्या घड्या. आई भिजवलेल्या कातडी वाद्यांची वेणी घालायची. शाळेतून आले की मीही तिच्या शेजारी बसायचे, म्हणून माझी बोटं अजून वेणी विसरलेली नाहीत. लग्नानंतर पुण्यात आले आणि बावीस वर्षं झाली, तरी दुकानात चप्पल हातात घेतली की मी आधी ती उलटी करते. बरोबरच्या मैत्रिणी रंग बघतात, मी तळ आणि टाके बघते.

या खरेदीच्या आधीचा अनुभव वाईट होता. एका मोठ्या मॉलमधल्या दुकानातून ‘शुद्ध चामडं’ असं लिहिलेली सँडल घेतली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या पट्ट्याचे पापुद्रे निघाले आणि आत कापडाची जाळी दिसायला लागली. एवढे पैसे देऊन मी, चप्पल शिवणाऱ्याची मुलगी, फसले याचं मला फार वाईट वाटलं. वरचा थर इतका गुळगुळीत होता की कातड्याची छिद्रं दिसतच नव्हती, आणि तिथेच मला कळायला हवं होतं.

येरवड्याचं दुकान कारागृहाजवळच आहे. आत लाकडी खुर्च्या, चौरंग, सतरंज्या, टॉवेल, शिवलेले कपडे, सगळं साधेपणाने मांडलेलं. दिवाळीची गर्दी होती. बहुतेक लोक लाकडी सामानापाशी होते, चपलांच्या मांडणीपाशी मी एकटीच. काउंटरवरच्या गणवेशातल्या दादांनी माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, नंबर किती?” मी नंबर सांगितला नाही, आधी चार चपला उलट्यापालट्या केल्या. त्यांनी घाई केली नाही. एक जोड पसंत पडल्यावर म्हणाले, “इथंच दोन फेऱ्या मारून बघा.” मी दाराशी जाऊन परत आले.

चप्पल अशी आहे: गडद तपकिरी रंग, पायावर आडवे दोन पट्टे, पायाचा अंगठा अडकवायची कडी, जिला अंगठाच म्हणतात, आणि खाली रबराचा तळ. पट्ट्याला अस्तर आहे आणि तेही कातड्याचंच. इथे बहुतेक दुकानदार चोरी करतात. वरून कातडं आणि आतून रेक्झिन. कापलेली कड उघडी न ठेवता घासून, रंग देऊन बंद केलेली. टाका आणि कड यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं. पट्टा तळात जिथे शिरतो, तिथे चिकटवून शिवाय टाकेही घातलेत. चप्पल पहिल्यांदा तुटते ती याच जागी, त्यामुळे शिवणाऱ्याचं काम किती पक्कं आहे ते इथे कळतं.

पहिले आठ दिवस अंगठा थोडा आवळतो. खऱ्या कातड्याची कुठलीही चप्पल आवळते. रात्री खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवली, आठवड्याभरात पायाला बसली. पावसात भिजली की उन्हात वाळवायची नाही, सावलीत कागदाचे बोळे घालून ठेवायची. एवढं पथ्य पाळलं. आज पट्ट्यांवर पायाचा ठसा उमटलाय, रंग थोडा उतरलाय, टाका मात्र एकही उसवलेला नाही.

संक्रांतीला अप्पा पुण्याला आले होते. डोळ्यांमुळे त्यांनी काम थांबवून आता सहा वर्षं झाली. दारात चप्पल दिसली तशी उचलली, तळ वर केला, पुढचं टोक टाचेला लागेपर्यंत वाकवली, नाकाशी नेली. मग अंगठ्याचं नख टाक्यांच्या ओळीवरून हळूहळू फिरवत नेलं. दिसत कमी असलं तरी नखाला कळतं.

“कुनी शिवलीया ही?”

मी सांगितलं, येरवड्याच्या तुरुंगातल्या कुणीतरी.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हात बसल्याला हाय गड्याचा. पैल्या टाक्याला जेवढी वढ, तेवढीच शेवटाला.” आणि लगेच पुढचा प्रश्न: “कितीला घेतलीस?” मी किंमत सांगितली. ती त्यांना कमी वाटली. “मंग आपल्या लोकांनी काय करायचं पोरी? त्येनला भाडं न्हाई, लाइट बिल न्हाई.”

अप्पांचा हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे. इंग्रजांच्या काळात तुरुंगातले कारखाने मोठे झाले ते गालिच्यांवर. जबलपूरला १८३० च्या दशकाच्या अखेरीस ठगांसाठी उद्योगशाळा निघाली, तिथे तंबू आणि गालिचे व्हायचे. पुढे आग्रा, लाहोर आणि आपलं येरवडा ही गालिच्यांसाठी नावाजलेली कारागृहं झाली. येरवडा कारागृह १८७१ चं. तिथल्या कैद्यांनी विजापूरच्या असर महालातल्या जुन्या दख्खनी गालिच्यांच्या नकला विणल्या. आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला गालिचा अजून इंग्लंडातल्या विंडसर किल्ल्यात आहे. ८० फूट लांब, ४० फूट रुंद, वजन सुमारे दोन टन. १९९२ साली किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. त्याच काळात जॉर्ज बर्डवूड, जे आधी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे, तुरुंगातल्या गालिच्यांवर कडक टीका करत होते. स्वस्त जेल-माल बाजारात आला की पिढीजात विणकर देशोधडीला लागतो आणि कलेचाही कस उतरतो, असं त्यांचं म्हणणं. अप्पांना बर्डवूड कोण हे ठाऊक नाही, पण बोलले दोघं एकच.

मला स्वतःला इथे दोन्हीकडून ओढ आहे. सुभाषनगर माझं आहे, आणि ज्या हाताने ही चप्पल शिवली तो हातही मला परका वाटत नाही. विचार करून माझं मत असं झालंय की दोष स्वस्त मजुरीत आहे. २०२३ साली महाराष्ट्रात कुशल बंद्याची दिवसाची मजुरी ६७ रुपयांवरून ७४ रुपये झाली. इतक्या सफाईने टाके घालणाऱ्या माणसाला दिवसाला ७४ रुपये! सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलं होतं की कैद्यांना कामाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, आणि त्यातला काही भाग गुन्ह्याची झळ पोचलेल्यांसाठी बाजूला ठेवावा. ती मजुरी खरोखर वाढली आणि चपलेची किंमत बाजाराइतकी झाली, तरी मी ती आनंदाने देईन. शिवणाऱ्याच्या घरी जास्त पैसे जातील, ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी काही पोचेल, आणि सुभाषनगरातल्या माझ्या चुलतभावाला स्वस्ताईशी झगडावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट जातीची. चामड्याबद्दल लिहायचं आणि हे टाळायचं, ते मला जमणार नाही. माझ्या लहानपणी शाळेत एका बाईंनी माझ्या दप्तराला वास येतो म्हणून मला मागे बसवलं होतं. तो वास बाभळीच्या सालीचा होता. आमच्याकडे चप्पल शिवणं हे शिक्षण नव्हतं, ते जन्माबरोबर यायचं. तुरुंगातही फार वेगळं नव्हतं. काही राज्यांच्या कारागृह नियमावल्यांमध्ये कुठल्या जातीच्या कैद्याने झाडायचं आणि कुणी स्वयंपाक करायचा हे लिहून ठेवलेलं होतं. मी ही चप्पल घेतली त्याच्या तीन-चार आठवडे आधी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देऊन अशी जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. बातमी वाचली त्या दिवशी मी अप्पांना फोन केला होता.

म्हणून ही चप्पल मला महत्त्वाची वाटते. चर्मकला विभागात बसून रापी हातात घेणारा माणूस कुणाच्याही पोटी जन्मलेला असू शकतो. त्याला कुणीतरी शिकवलं, त्याने टाके चुकवले, उसवले, परत घातले, आणि आता त्याचा हात बसलाय. आमच्या घराण्याची विद्या एका अनोळखी माणसाला आली, आणि चांगली आली. मला त्याचा मनापासून आनंद आहे.

अप्पांना गांधींच्या सँडलची गोष्ट फार प्रिय आहे. आमच्या गल्लीत ती सगळ्यांना पाठ. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधींचे वास्तुविशारद मित्र कॅलनबाख डर्बनजवळच्या मरियनहिल मठातल्या साधूंकडे सँडल बनवायला शिकून आले, त्यांच्याकडून गांधी शिकले आणि त्यांनी इतरांना शिकवलं. १९१३ साली तिथल्या तुरुंगात असताना त्यांनी एक जोड तयार केला आणि १९१४ मध्ये देश सोडताना तो जनरल स्मट्सना भेट दिला, म्हणजे ज्याने त्यांना तुरुंगात घातलं त्यालाच. स्मट्सनी त्या सँडल कित्येक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये गांधींच्या सत्तरीला परत पाठवल्या, इतक्या थोर माणसाच्या वहाणा घालण्याची आपली योग्यता नाही अशा अर्थाचं लिहून. पुढे गांधी याच येरवड्यात होते आणि पेटीत घडी करून नेता येणाऱ्या चरख्यावर त्यांनी इथेच काम केलं. त्याला अजून येरवडा चक्र म्हणतात. एका वाण्याच्या मुलाने कातडं हातात धरलं, यातच अप्पांना सगळं मिळतं. ही चप्पल हातात घेतल्यावरही त्यांनी तीच गोष्ट माझ्या मुलाला सांगितली, आणि माझा मुलगा शेवटपर्यंत ऐकत बसला.

एक मागणी आहे. चपलेच्या तळावर छोटासा शिक्का असावा. कैद्याचं नाव उघड करायचं नाही हे मला पटतं. त्याच्या बायकामुलांना त्याचा त्रास व्हायला नको. पण एखादं चिन्ह, एखादा आकडा, ज्यावरून शिवणाऱ्याला स्वतःला कळेल की हा माझा जोड, आणि मला परत गेल्यावर त्याच हाताची चप्पल मागता येईल. आमच्याकडे अप्पा वेणीच्या शेवटी एक गाठ वेगळी मारायचे. चाळीस वर्षांनी कुणी चप्पल दुरुस्तीला आणली तरी ते ओळखायचे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल आमचं नावही न घेता दाखवली गेली. तेव्हा आम्हाला जे लागलं ते अजून ताजं आहे. काम दिसावं आणि करणारा मुळीच दिसू नये, याचं दुःख आम्हाला बाहेर राहून कळतं.

कमरेच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात: जाड, एकसंध कातडं, दोन थर चिकटवलेले नाहीत. बक्कल साधं आहे, पण घट्ट. माझे मिस्टर रोज लावतात, भोकं ताणलेली नाहीत. सतरंजी वजनदार आहे, दोनदा धुतली, रंग गेला नाही. पाहुणे आले की तीच अंथरते.

घ्यायला जाणार असाल तर दिवाळीची गर्दी टाळा, आणि पायात मोजे घालून जाऊ नका, अंगठ्याचा अंदाज येत नाही. नंबरावर विसंबू नका, दुकानातच चालून बघा. रुंद पाय असेल तर एक नंबर मोठा घेऊन आठवडाभर तेल लावा.

गेल्या शनिवारी मी परत गेले होते. अप्पांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, म्हणून काउंटरवर आधी त्यांचा निरोप दिला: चप्पल शिवणाऱ्याला सांगा, कोल्हापूरच्या एका जुन्या कारागिराने टाके तपासले आणि पसंत केले. या वेळी दुसरे दादा होते. त्यांनी माझ्या पायातली चप्पल मागितली, उलटी करून बघितली आणि म्हणाले, “आत सांगतो, ताई.” भावासाठी काळा पट्टा हवा होता, छत्तीस इंची, तो संपला होता. पुढच्या महिन्यात चक्कर मारायला सांगितलंय.