गुरुवारच्या बायबल अभ्यासासाठी झूम, सिग्नल आणि यूव्हर्जन: वापरून काय वाटलं

आमचा गट छोटा आहे. गुरुवारी रात्री साडेनऊला, जेवणं उरकली की, ऑनलाइन जमतो आणि पवित्र शास्त्रातला एखादा उतारा वाचतो. सगळे मराठी बोलणारे. कोणी नगरचे, कोणी पुण्याचे, नागपूरचे, वसईचे, एक जण दुबईला. सगळे ख्रिस्ती आणि सगळे गे, लेस्बियन, बायसेक्शुअल किंवा ट्रान्स.

असा गट सुरू करायचा म्हटलं की लोक आधी विचारतात, अभ्यासाला साहित्य कुठलं घेणार? माझं मत विचाराल तर साहित्य नंतर. आधी ॲप ठरवा. आमच्यातल्या एकाचं नाव नको त्या माणसाला दिसलं, तर त्याचं रविवारचं चर्च गेलं, मिशनच्या शाळेत असेल तर नोकरीही धोक्यात आणि बहिणीचं जमत आलेलं लग्न लांबणीवर. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपली सुटका केली हे खरं. पण चर्चच्या मंडळीतल्या बायका भक्ती सुटल्यावर गेटपाशी जे बोलतात, त्यावर कुठल्याच कोर्टाचा स्टे चालत नाही. म्हणून मी प्रत्येक ॲपला पहिला प्रश्न एकच विचारते: माझ्या माणसाचं नाव, नंबर, तोंड कोणाकोणाला दिसणार?

या प्रश्नावर व्हॉट्सॲप लगेच नापास. ग्रुपमध्ये घेतलं की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो आणि आपल्याकडे नंबरावरून माणसाचं गाव, आडनाव आणि आत्या शोधून काढायला दहा मिनिटं लागत नाहीत. गूगल मीट चालवायला सोपं, फुकटात तासभर मिळतो, पण साइन इन करून आलात तर तुमच्या जीमेलचं नाव नि फोटो पुढे येतो. ज्या मुलाचं जीमेल दहावीचा फॉर्म भरताना वडिलांनी काढून दिलं, त्याने काय करायचं?

राहिलं झूम. आम्ही फुकटचं वापरतो: चाळीस मिनिटं, शंभर माणसं. शंभर माणसांचं आम्हाला काय करायचंय! चाळीस मिनिटांचं मात्र सुरुवातीला वाईट वाटायचं. आता वाटत नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांना प्रार्थना सुरू करता येते, आवरती घेता येत नाही. झूमचं घड्याळ ते काम करतं. पहिल्या चाळीस मिनिटांत वाचन आणि चर्चा. ती संपली की ज्यांना सकाळी ड्युटी आहे ते जातात. उरलेल्यांसाठी मी पुन्हा मीटिंग लावते. त्यात प्रार्थनेचे विषय आणि खऱ्या गप्पा.

झूमची खरी किंमत दोन गोष्टींत आहे. एक, आत येताना हवं ते नाव टाकता येतं, आणि होस्टने सक्ती केली नसेल तर अकाउंटही लागत नाही. त्यामुळे आमच्याकडे शास्त्रातली अर्धी मंडळी हजर असते: योनाथान, बर्नबा, तबीथा. रूथ दोन झाल्या, म्हणून आता ‘रूथ नगर’ आणि ‘रूथ ठाणे’. दुसरी गोष्ट वेटिंग रूम. लॉकडाऊनमध्ये लोक परक्यांच्या मीटिंगांत घुसून धिंगाणा घालायला लागले, तेव्हा एप्रिल २०२० पासून झूमने वेटिंग रूम आणि पासकोड आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. आमच्यासारख्यांना ते देवाने दिल्यासारखं.

तरी दारावर माणूस लागतोच. एकदा वेटिंग रूममध्ये ‘गॅलॅक्सी ए१४’ येऊन उभा राहिला. मागोमाग ‘मम्मीचा फोन’. आत घ्यायचं का? आपला माणूस आहे, की आपल्या माणसाची मम्मी? तेव्हापासून नियम केला: दर आठवड्याला एक आकडा ठरतो, बहुतेक वेळा ज्या अध्यायावर बसणार तोच, आणि नावापुढे तो आकडा नसेल तर दार उघडत नाही. ‘मम्मीचा फोन ५६’ आलं तर चालतं.

आणखी एक सेटिंग सांगून ठेवते. चॅट फक्त होस्टला जाईल असं करता येतं. ज्यांचं तोंड उघडायचं धाडस होत नाही किंवा शेजारच्या खोलीत घरचे जागे असतात, ते मला लिहितात आणि मी नाव न घेता वाचून दाखवते. एक मुलगी कित्येक महिने अशीच येत होती, कॅमेरा बंद, माइक बंद. मग एका गुरुवारी वाचायला कोण घेतंय असं विचारलं तर माइक सुरू झाला आणि तिने यशयाचा अख्खा अध्याय खणखणीत वाचला. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, बक्षिसं घेतलेली असणार, उच्चारांवरून कळतंच. अर्थात समोरचा दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढत असेल तर कुठलंच ॲप त्याला अडवू शकत नाही. तिथे माणसाची पारखच कामी येते. नव्या माणसाशी मी आधी एकटीच बोलते. झूमला पाचपैकी चार.

आठवडाभराच्या निरोपांसाठी सिग्नल हे मेसेजचं ॲप. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी युजरनेम आणलं आणि आमचं अर्धं कोडं सुटलं: नंबर न देता गटात येता येतं. मेसेज ठरावीक वेळाने आपोआप पुसले जातात. पण डाउनलोड करून लगेच वापरायला लागाल तर अडकाल. तुमचा नंबर ज्यांच्याकडे सेव्ह आहे आणि जे स्वतः सिग्नलवर आहेत, त्यांना तुम्ही आल्याची सूचना जाऊ शकते. म्हणजे चर्चच्या ट्रेझरर काकांना कळलं, आणि काका चौकस! म्हणून प्रायव्हसीत जाऊन, नंबरावरून मला कोण शोधू शकतं, तिथे ‘कोणीही नाही’ करा. नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर दिसणं बंद करा. ही दोन कामं झाल्याशिवाय मी कोणाला लिंक देत नाही. साडेतीन. झूमपेक्षा अर्धा मार्क कमी तो एवढ्यासाठी की हे सगळं पन्नाशीपुढच्या माणसाला फोनवरून समजावताना घसा बसतो.

आता यूव्हर्जन, म्हणजे ज्याला सगळे नुसतं ‘बायबल ॲप’ म्हणतात ते. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या लाइफ चर्चने २००८ मध्ये काढलेलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि लॉगइन न करता वाचता येतं. मराठीत बायबल सोसायटीचं आपल्या सवयीचं भाषांतर आहे, शिवाय आयआरव्ही (इंडियन रिवाइज्ड व्हर्जन) हे दुसरं भाषांतरही. नव्याने वाचणाऱ्याला दुसरं सोपं जातं. ज्यांची वचनं लहानपणी पाठ झालीत त्यांना पहिल्याशिवाय करमत नाही. आमच्यासाठी याचा सर्वांत मोठा गुण कोणी जाहिरातीत सांगणार नाही: फोनमध्ये हे ॲप दिसलं तर घरचे संशय घेत नाहीत, उलट आई खूश होते.

मजकुराला पाचपैकी पाच, पण त्यातल्या मैत्रीखात्यापासून लांब राहा. तुम्ही काय हायलाइट केलं, कुठली वाचनयोजना पूर्ण केली, हे तिथल्या मित्रांना दिसू शकतं. या ॲपवर तरुण संघापासून पाळकबाईंपर्यंत सगळे आहेत. गटाने मिळून योजना वाचायची सोयही आहे, चांगली आहे, पण दुसऱ्या कोणासाठी. आम्ही तिथे फक्त वाचतो, बोलणं दुसरीकडे.

वाचताना काय घडतं त्याचा एक नमुना देते, कारण ॲपचा उपयोग तिथेच कळतो. नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय ८. कूशी राणीचा खजिनदार, षंढ, यरुशलेमेहून उपासना करून रथातून परत निघालाय आणि यशयाचं पुस्तक वाचतोय. येशूचा अनुयायी फिलिप्प धावत जाऊन विचारतो, वाचता ते कळतंय का? तो म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? हा उतारा आपण सगळ्यांनी बाप्तिस्म्याच्या वर्गात ऐकलाय. तो वाचत होता ती वचनं यशयाच्या ५३व्या अध्यायातली. आमच्यातली एक ट्रान्स बहीण, शाळा सातवीत सुटलेली, म्हणाली, “ताई, तो रथात बसून पुढे वाचत गेला असेल ना?” म्हणून फोनवर बोटाने तीन अध्याय पुढे सरकवलं. यशया ५६. जे षंढ माझा करार पाळतात त्यांना मी माझ्या घरात पुत्र-कन्यांपेक्षा उत्तम नाव देईन, कधी न पुसलं जाणारं नाव, असं देव म्हणतो. मग तिने स्वतःच जोडलं: जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायाप्रमाणे ज्याला मंडळीत यायची मनाई, तोच माणूस पाणी दिसल्यावर विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? आणि फिलिप्प हरकत घेत नाही. त्या रात्री दुसरी मीटिंगही पुरली नाही.

छापील पुस्तकं मात्र जवळ असू द्या. नागपूरचे काका ॲप उघडतच नाहीत. त्यांच्या काळ्या बायबलच्या कडा झिजल्यात, आणि सदोमचा, म्हणजे आमच्याविरुद्ध नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या त्या नाश पावलेल्या नगरीचा, विषय निघाला की ते पान न शोधता यहेज्केल १६:४९ वर जातात: गर्व, पोटभर अन्न, सुखाची निश्चिंती, आणि गरिबाला हात दिला नाही हे तिचं पाप. वसईचा मित्र कॅथलिक. त्याच्या बायबलात ७३ पुस्तकं, आमच्यात ६६. शलमोनाच्या ज्ञानग्रंथातलं ११:२४ त्यानेच वाचून दाखवलं: जे जे आहे त्या सगळ्यावर तू प्रेम करतोस, तू घडवलेल्या कशाचाही तुला तिटकारा नाही. आम्ही प्रॉटेस्टंट जरा चपापून बसलो. एवढं वचन आणि आमच्याकडे नाही!

स्वतःचा गट काढण्याआधी मी अमेरिकेतल्या एका गटात बसत होते. चांगली माणसं, अभ्यासही पक्का. पण त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा, म्हणजे डब्याची वेळ. शिवाय त्यांचा प्रश्न असायचा, हे चर्च सोडून दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ का? आमच्याकडे चर्च सोडायचं म्हणजे कब्रस्तानातली आजोबांच्या शेजारची जागाही सोडायची. त्या प्रश्नावर त्यांच्याकडे काय असणार?

मराठीत तयार साहित्य शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. नागपूरला मुख्यालय असलेल्या एनसीसीआयने (भारतातल्या चर्चची राष्ट्रीय परिषद) आयएसपीसीके या ख्रिस्ती प्रकाशन संस्थेबरोबर २०१७ मध्ये लैंगिकतेच्या वैविध्यावर ईश्वरविज्ञानाच्या लेखांचा संग्रह काढला, पण तो इंग्रजीत. सेमिनरीतल्या माणसाला उपयोगी, आमच्या सातवी शिकलेल्या बहिणीला नाही. म्हणून दर उताऱ्याचं एक-दीड पान आम्हीच लिहितो: संदर्भ, चार प्रश्न, शेवटी ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातल्या एखाद्या गाण्याचा क्रमांक. रोमकरांस १, म्हणजे आमच्याविरुद्ध नेहमी वापरला जाणारा अध्याय, अजून घेतलेला नाही. नव्या गटाने तर त्यापासून सुरुवात करूच नये. लोक वर्षानुवर्षं तेवढंच ऐकून आलेले असतात. घ्याल तेव्हा २:१ पर्यंत वाचा, तिथे दुसऱ्याला दोष लावणाऱ्यालाच सुनावलंय; अध्याय संपला म्हणून थांबू नका.

पानं वाटताना एक काळजी घ्या. वर्डमधून पीडीएफ केलं की फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लिहिणाऱ्याचं नाव तसंच राहतं, आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर कधीकधी कंपनीचंही. पाठवायच्या आधी ते पुसायचं. आमच्याकडे हे काम ‘रूथ ठाणे’कडे आहे, ती ऑडिटमध्ये आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.